न बघितलेली जागा

पूल ओलांडून आम्ही डांबरी रस्ता सोडला आणि भावोजी थांबले. त्यांनी उजव्या पायातला बूट काढला, उलटा करून झटकला. आतून काही पडलं नाही. तरी आत हात घालून चाचपलं आणि मगच तो परत पायात चढवला.

"खडा होता का?" मी विचारलं.

"नव्हता. पण असता तर?"

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची ओळख करून द्यायला खरं तर एवढं पुरे आहे. पण त्या दिवशी आम्ही दोघं उन्हातान्हात त्या मातीच्या वाटेनं का चाललो होतो ते सांगायचं, तर थोडं मागं जायला हवं.

आम्ही बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरलो होतो आणि तिथून पायी निघालो होतो. माझ्या हातात डब्याची पिशवी, त्यांच्या हातात अर्धी भरलेली पाण्याची बाटली. ती पिण्यासाठी नाही, असं त्यांनी मला आधीच बजावलं होतं. पिण्याची वेगळी होती.

"अजून किती लांब आहे, भावोजी?"

"आलंच."

"बसमधून उतरल्यापासून आलंच म्हणताय."

"मग जवळ येतच चाललंय ना? लांब थोडंच जातंय."

घरी ताईला त्यांनी सांगितलं होतं की बारकीच्या शिलाई मशीनचा एक भाग मिळत नाहीये, तो शोधायला दोघं बाजारात जातोय. बारकी म्हणजे मी. केस पांढरे झाले तरी त्या घरात माझं नाव बारकीच राहिलं. मी घरी शाळेचे गणवेश शिवते आणि माझं मशीन धडधाकट होतं. भावोजींनी त्याला आजारी पाडलं होतं. सकाळी देवापुढे उभी राहिले तेव्हा मी म्हटलं, देवा, खोटं भावोजी बोललेत, मी नाही. पण मी ऐकून गप्प बसले, तेवढं पोटात घाल.

स्वतःची गाडी दारात उभी असताना बसनं आणि पायी जायचं कारणही ताईच होती. गाडी सुरू झाल्याचा आवाज तिच्या कानाला लगेच कळला असता.

भावोजी बस डेपोत ब्रेक तपासायचे. रात्री गाड्या यायच्या, पहाटे निघायच्या. निघण्याआधी प्रत्येक गाडीखाली, तपासणीसाठी खणलेल्या लांबट खड्ड्यात उतरून ते दिवा धरून बघायचे, हातोडीनं ठोकायचे, ऐकायचे, पुन्हा ठोकायचे. चांगली असेल तर चाकावर खडूनं बरोबरची खूण, नसेल तर फुली. फुली मारलेली गाडी जागची हलायची नाही, मग मॅनेजर येऊन डोकं आपटो. ड्रायव्हर लोक त्यांना पाठीमागं 'नापास' म्हणायचे. पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागले.

"नापास साहेब, आज तरी पास करा. घरी पाहुणे आलेत."

"पाहुण्यांना सांग, तू जिवंत येणार आहेस. थोडा उशिरा."

त्यांच्या नोकरीत त्यांच्या हातची एकही गाडी उतारावर दगा देऊन गेली नाही. सेवानिवृत्तीच्या दिवशी ड्रायव्हरांनी त्यांच्या पाठीवर, शर्टावर, खडूनं मोठी बरोबरची खूण काढली. ताईनं तो शर्ट कितीतरी दिवस धुतला नाही. "एवढ्या वर्षांत कुणीतरी ह्यांना पास केलं," म्हणायची, "ते मी कशाला पुसू?"

डेपोत जे शोभून दिसलं, ते घरात महाग पडलं. कसं, ते सांगते.

दोघांचं लग्न झालं तेव्हा भावोजींनी मित्राची व्हॅन मागून आणली आणि ताईला घेऊन निघाले. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. दिवसभर गाडी चालवायची आणि अंधार पडायच्या आत जिथं मोकळी जागा दिसेल तिथं थांबायचं. स्टोव्ह, सतरंजी, एक कंदील. खोली घ्यायची नाही, कुणाच्या दारात जायचं नाही. अशा जागा तेव्हा पुष्कळ होत्या. रस्त्यापासून जरा आत गेलं की माळ, झाडाखालची सपाट जमीन, तळ्याचा काठ. नळ नाही, संडास नाही, दिवा नाही, पण विचारायलाही कुणी नाही. ट्रक ड्रायव्हरांना त्या माहीत असायच्या आणि भावोजींची उठबस त्यांच्यातच होती.

त्या प्रवासात एके संध्याकाळी दोघं एका कोरड्या नदीच्या वाळूत मुक्कामाला थांबले. वाळू मऊ, वारा गार. पहाटे कुठूनतरी वरून धरणाचं पाणी सोडलं. जाग आली तेव्हा पाणी सतरंजीला लागलं होतं. गाडी वाळूत रुतलेली. ती तशीच सोडून दोघं काठाकडे धावले, गुडघ्याइतक्या पाण्यातून, हात धरून. स्टोव्ह गेला, भांडी गेली, ताईची चप्पल गेली. काठावर चढून बसले आणि समोर सूर्य उगवला.

ती पहाट मी दोघांच्याही तोंडून ऐकलेली आहे. ताई सांगायची तेव्हा आधीच हसायला लागायची. "मी नखशिखांत भिजलेली, हे हातात एकटा कंदील घेऊन उभे, तोही विझलेला. मला हसू आवरेना गं. उचकी लागली. आणि समोर नुसतं सोनं. असा सूर्य मी पुन्हा कधी बघितला नाही."

भावोजी ते कधी पूर्ण सांगायचे नाहीत. मी एकदा फारच मागं लागले तेव्हा म्हणाले, "मधे तिचा हात सुटला होता."

"मग?"

"मग काय. परत धरला. पण सुटला होता ना."

ताईला पुढं आयुष्यभर ती पहाट पुन्हा हवी होती. भावोजींना ती पुन्हा कधीच नको होती. दोघांनी हे एकमेकांना स्पष्ट सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या दोघांच्या संसारात भांडणाला जागा नव्हती. भावोजी ताईचं सगळं ऐकायचे. हे सुद्धा ऐकलं.

त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली. बेकरीवाल्याची पाव पोचवायची गाडी होती. वर्षानुवर्षं पाव वाहून तिच्या पत्र्यालासुद्धा भाजल्याचा वास लागला होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. सुट्टीच्या दिवशी भावोजी तिच्यात घुसायचे. मागं लाकडी फळ्यांचा पलंग केला, तो उचलला की खाली सामानाचा कप्पा. खिडकीला पडदा मी शिवून दिला. भिंतीवर कप अडकवायला दोन आकडे. ताईनंही एक पिशवी भरून ठेवली. दोन ताटल्या, काडेपेटी, मेणबत्त्या, चादर, चहा-साखरेचे डबे, एक छोटी कात्री. पिशवी दारामागच्या खुंटीला लावली.

"कधी निघायचं?" ताईनं विचारलं.

"जागा बघून येतो," भावोजी म्हणाले.

आणि ते बघून आले. एका ड्रायव्हरनं सांगितलेल्या, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या आवारात एकटेच जाऊन राहून आले. ताई दारातच उभी.

"कशी आहे?"

"नापास. सकाळी ऊन थेट डोळ्यावर येतं."

ताई हसली. कुणीही हसलं असतं. पुढच्या वेळी तळ्याचा काठ. नापास, जमीन उताराची आहे, झोपल्यावर डोक्यात रक्त उतरेल. मग जुनी खाण. नापास, वर दगड सुटलेत. मग ट्रकांचा बंद पडलेला वजनकाटा. तिथं जागा सपाट होती, झाडं होती, पण बाईमाणसाला आडोसा नव्हता. एक माळ फार उघडा, एक झाडी फार दाट. एका ठिकाणी सगळं बरोबर होतं, तर त्यांना तिथं फारच शांत वाटलं. "एवढी शांतता बरी नाही," म्हणाले.

ताई एकदा चिडून म्हणाली, "अहो, मग तपासायला तरी मला न्या!"

"तपासायला कुणाला नेतात का? तपासायचं कशासाठी, काही वाईट असलं तर कळावं म्हणून. वाईट असलं तर तू तिथं कशाला हवीस?"

बोलणं सरळ होतं. सरळ असल्यामुळेच त्याला कुठं धरावं ते ताईला कधी सापडलं नाही.

वर्षं अशी गेली. मधे मुलगी झाली, तिची शाळा, तिच्या परीक्षा, मग तिचं लग्न. भावोजींच्या फेऱ्या चालूच होत्या. पावाच्या गाडीत झोपून त्यांनी कितीतरी तळी, माळ, टेकड्या बघितल्या आणि ताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या घराची गच्ची बघत राहिली. ड्रायव्हरांना कुठं थांबायचं असलं तर ते भावोजींना विचारायचे. एवढ्या जागा माहीत असलेला दुसरा माणूस नव्हता. त्यांतल्या एकाही जागेत त्यांची बायको गेलेली नव्हती.

दारामागची पिशवी मात्र हलकी होत गेली. एकदा दिवे गेले म्हणून ताईनं तिच्यातल्या मेणबत्त्या काढल्या. मग काडेपेटी. मग पाहुणे जास्त झाले म्हणून चादर. कात्री मीच मागून नेली, ती अजून माझ्याकडे आहे. एके दिवशी गेले तर ताई त्याच पिशवीतून बटाटे ओतत होती. माझं लक्ष गेलेलं तिनं पाहिलं.

"चांगली पिशवी आहे," म्हणाली. "उगीच लटकत होती."

पुढं ताईचं हृदय थकलं. पाय सुजायला लागले, जिना चढताना मधे बसावं लागायचं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि जपा म्हणाले. हिंडायचं-फिरायचं ते आत्ताच काय ते हिंडून घ्या, असंही म्हणाले. ते ऐकून भावोजी दवाखान्यातून घरी आले, चहा प्यायले आणि नेहमीसारखं बोलून गेले, "एक जागा डोक्यात आहे. उद्या बघून येतो."

मी तिथंच बसले होते. ताई ओट्याशी उभी होती. तिनं गॅस बंद केला. आवाज मुळीच चढवला नाही.

"आता बघून आलात तर मी येणार नाही. न बघता न्यायचं असेल तर न्या. नाही जमत? मग ती गाडी विकून टाका. मला रोज दारात दिसायला नको."

भावोजी उठून बाहेर गेले आणि गाडीची काच पुसत बसले. स्वच्छ काच.

त्यानंतर ते माझ्याकडे आले. उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "बारके, जरा चालायला येतेस का? बाईमाणसाच्या नजरेनं एक जागा बघायची आहे."

"भावोजी! ताई काय म्हणाली ऐकलंत ना?"

"ऐकलं. म्हणून तर तुला विचारतोय. नाहीतर एकटा गेलो असतो."

मला राग यायला हवा होता. पण त्यांचा चेहरा बघून आला नाही. गाडीखालच्या खड्ड्यातून वर येताना ड्रायव्हर लोकांना तो तसाच दिसत असणार. सगळं ठीक आहे असं वाटतंय, पण खात्री नाही.

तर असे आम्ही त्या वाटेनं चाललो होतो. वाट मातीची असली तरी रुंद होती, गाडी येईल अशी. भावोजी मधेच वाकून चाकोरीत हात घालायचे, खोली बघायचे. एका ठिकाणी त्यांनी मोठा दगड उचलून कडेला टाकला. मग मागं वळून बघितलं आणि अजून एक.

"ताईला रस्ता गुळगुळीत लागला तर संशय येईल," मी म्हटलं.

"असं म्हणतेस?" त्यांनी खरोखर विचार केला. मग एक लहान दगड परत वाटेत आणून ठेवला.

जागा टेकडीच्या पोटाशी होती. खाली तळं. फार पूर्वी रस्ता बांधणाऱ्या मजुरांचा मुक्काम तिथं होता, म्हणून जमीन सपाट केलेली. डांबराचं एक गंजकं पिंप पडलेलं. मजुरांनीच लावलेली झाडं आता मोठी झाली होती, ओळीनं, सावली लांब पडेल अशी. कुंपण नाही, पाटी नाही. मी तर बघतच राहिले.

भावोजींना बघत राहायला वेळ कुठला? त्यांनी ती अर्धी बाटली जमिनीवर आडवी ठेवली आणि गुडघे टेकून आतला बुडबुडा कुठं सरकतो ते बघितलं. बाटली फिरवली, पुन्हा बघितलं. चार पावलं पुढं, पुन्हा. मग शर्टासकट उताणे झोपले आणि डोळे मिटले.

"काय करताय?"

"डोकं कुठल्या बाजूला करावं लागेल ते बघतोय."

"आणि?"

"कुठंही करा. सपाट आहे." हे त्यांनी जरा निराश झाल्यासारखं सांगितलं.

मग मला एका झुडपामागं जायला लावलं.

"बस तिथं. इथून दिसतेस का बघतो."

"भावोजी, काहीतरीच!"

"अगं, बस. पदर दिसतोय. अजून आत. हां. आता नाही दिसत. वाट कशी आहे?"

"काटे आहेत."

ते आले, खिशातला चाकू काढला आणि झुडपाकडे जाणारी ती एवढीशी वाट मोकळी करत बसले. एकेक फांदी बुडाशी कापून लांब नेऊन टाकत होते. माणूस आपल्या आजारी बायकोसाठी काटे कापतो आहे आणि ते तिला कळू नये म्हणून कापलेल्या फांद्या लपवतो आहे. मी पिंपावर बसून हसले, आणि हसता हसता डोळे पुसले.

सगळं झाल्यावर ते कमरेवर हात ठेवून मधोमध उभे राहिले. मी वाट बघत होते. आता काय निघतंय? वारा? मुंग्या? शांतता?

"पास," ते म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

पुढल्याच आठवड्यात आम्ही ताईला तिथं नेलं. तिच्याच हट्टानं मीही होते. "ह्यांच्याबरोबर एकटी गेले तर हे रात्रभर गाडीभोवती फेऱ्या मारतील," म्हणाली. गाडीतल्या आकड्यांना दोन कप लावले. पिशवी नवी घेतली. संध्याकाळी तळ्याकाठी ताई खुर्चीत बसली, सुजलेले पाय भावोजींनी आणलेल्या उशीवर ठेवले आणि बोलली फार कमी. रात्र शांत गेली. सकाळी सूर्य तळ्याच्या पलीकडून वर आला. त्या नदीकाठच्या सूर्यासारखा होता की नाही ते मी तिला विचारलं नाही. चहाचा कप तिनं दोन्ही हातांत धरला होता आणि भावोजी सूर्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

त्याच सकाळी मी तिला हात धरून झुडपाकडे नेलं. येताना ती थांबली. वाकून एका कापलेल्या बुंध्यावरून बोट फिरवलं.

"काटे कुणी छाटले गं?"

मी तिचा हात नीट धरला. देव साक्षीला असताना पुन्हा खोटं कसं बोलणार?

"मला कालच कळलं," ती म्हणाली. "गाडी एका झटक्यात लावली ह्यांनी. एकदाही मागंपुढं केली नाही. उतरून चाकाखाली बघितलं नाही. संसार केलाय मी ह्यांच्याबरोबर." मग सरळ उभी राहून दम घेतला. "जाऊ दे. बघून आले ते आले. पण निदान मला सांगायची लाज वाटली. मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस."

दुसरी फेरी झाली नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी ताई गेली. तोवर जो येईल त्याला सांगायची, "न बघता नेलं हो मला, अगदी न बघता." भावोजी समोर बसून हातातल्या कपात बघत राहायचे. लोकांना वाटायचं, लाजतायत.

तिच्यानंतर मी डबा घेऊन जायची तेव्हा ते बहुतेक वेळा गाडीतच सापडायचे, दारात उभ्या असलेल्या गाडीत, फळ्यांच्या पलंगावर बसलेले. एकदा मला म्हणाले, "बारके, त्यातली एकही जागा वाईट नव्हती गं."

"कुठल्या जागा?"

"सगळ्या. वीटभट्टी, तळं, वजनकाटा. मी आठवून बघतो. एक-एक करून आठवतो. कुठंही नेता आलं असतं." मग खिडकीकडे बघून म्हणाले, "उन्हाचं काय, पडदा होता ना. तूच शिवलेला."

मी डबा उघडून पुढं ठेवला. ताईला कळलं होतं हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही. ताईनं बजावलं होतं, तेवढं धरून राहिले. भावोजींना जाऊनही आता वर्ष होत आलं. दोघं जिथं आहेत तिथं एकमेकांपासून काही लपून राहत नसेल, असा माझा विश्वास आहे, म्हणून आता लिहायला हरकत वाटत नाही.

पण आठवण निघाली की माझ्या डोळ्यांसमोर पास झालेल्या त्या जागेवरून परत निघालेले भावोजीच येतात. ऊन कलतं झालं होतं. डबा खाऊन झाला होता. अर्धी बाटली त्यांनी आता झाडाच्या मुळाशी रिकामी केली. पुलाच्या अलीकडे, जिथं मातीची वाट डांबरी रस्त्याला मिळते, तिथं ते थांबले. मला वाटलं, पुन्हा बूट काढतात की काय.

"बारके, एक काम करशील?"

"आता अजून काय, भावोजी?"

"ती तुलाही बरोबर घेणार, मला माहीत आहे. तू पुढं बसायचं, खिडकीशी. हा पूल आला की मी गाडी हळू करेन. तेव्हा तू म्हणायचं, 'ही वाट कुठं जाते?' मी म्हणेन, 'कुणास ठाऊक, मी कधी आलो नाही इकडं.' मग तू म्हणायचं, 'जाऊन तर बघू या.'"

"आणि तुम्ही?"

"मी नाही म्हणेन. मी नाही म्हटलं नाही तर ती ओळखेल. मी म्हणेन, 'अनोळखी जागा आहे, अंधार पडेल.' तरी तू ऐकायचं नाही. म्हणायचं, 'काय होतंय, भावोजी? थांबून तर बघू.' एवढंच." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणून दाखव."

"इथं? रस्त्यावर?"

"ऐकायला कोण आहे? म्हण."

मी इकडंतिकडं बघितलं आणि म्हटलं, "ही वाट कुठं जाते?"

"असं नाही. पाठ केल्यासारखं वाटतंय." ते त्या वाटेकडे तोंड करून उभे राहिले, स्टिअरिंग धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून. "मी गाडी चालवतोय. ती मागं बसलीय, पाय वर घेऊन. आता म्हण. आणि जरा मनापासून म्हण, बारके. तिला खरं वाटलं पाहिजे."